कच्ची खाल्ली जाणारी भाजी आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू



आजचा विषय फवारणीचा कमी, पाणी-खताचा जास्त. चाकण, भोसरीच्या कँटीनमध्ये काकडी, टोमॅटो, कांद्याची पात, कोथिंबीर कच्चीच ताटात जाते. शिजवलेल्या भाजीतले जिवाणू मरतात, कोशिंबिरीतले जिवंतच पोटात जातात.

कोंबडीला, जनावराला किंवा माणसाला वारंवार अँटिबायोटिक दिलं की आतड्यातले साधे जिवाणू मरतात, औषध पचवणारे उरतात. ते विष्ठेतून, सांडपाण्यातून बाहेर पडतात आणि हा गुण दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. असा ई-कोलाय पोटात गेला तर लगेच जुलाब होतीलच असं नाही. तो गुपचूप राहतो. पुढं कधी लघवीचा संसर्ग झाला की डॉक्टरांची नेहमीची गोळी लागू पडत नाही. पहिला धोका आपल्यालाच, बांधावर काकडी तोडून तशीच खाणारे आपणच.

2011 मध्ये जर्मनीत अशाच ई-कोलायनं 3,800 च्या वर लोक आजारी पडले, 50 हून जास्त दगावले. त्याच्यावर पेनिसिलिन गटातली बरीच औषधं चालत नव्हती. आधी संशय स्पेनच्या काकडीवर आला. तिथल्या शेतकऱ्यांना चांगला माल फेकावा लागला. शेवटी तपास पोचला मोड आलेल्या मेथीपाशी! नाव एकदा खराब झालं की खुलासा कोणी वाचत नाही.

आता आपल्याकडचं पाणी. आळंदीला इंद्रायणीवरचा फेस दिसतो म्हणून बोंब होते, सांडपाण्यातले जिवाणू दिसत नाहीत. इंद्रायणी-पवनेवर मोटर असेल तर ते पाणी उसाला, मक्याला द्या. कच्च्या खायच्या पिकाला विहीर-बोअरचं. नदीशिवाय पर्यायच नसेल तर ठिबक करा, तुषार नको, पान कोरडं राहिलं पाहिजे. आणि गाडी भरण्याआधी जुड्या ओढ्यात बुचकळायचं आजपासून बंद. शेतात जपलेला माल तिथंच बाटतो.

ओलं कोंबडखत या पिकांना अजिबात नको. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात मातीला टेकणाऱ्या मालासाठी कच्चं शेणखत टाकल्यापासून काढणीपर्यंत 120 दिवस लागतात. आपली कोथिंबीर दीड महिन्यात निघते, हिशोब तुम्हीच करा. खत ढीग लावून, पलट्या देऊन, आत चांगलं तापून पूर्ण कुजलेलंच वापरा.

स्ट्रेप्टोसायक्लिनबद्दल स्पष्ट सांगतो. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन टीबीच्या पेशंटला देतात. केंद्र सरकारनं डिसेंबर 2021 मध्येच त्याच्या शेतीतल्या वापरावर बंदीचा मसुदा काढला होता. भुरी बुरशीची असते, तिथं या पुडीचा काडीचा उपयोग नाही. दुकानदार "टाका एक पुडी, नुकसान तर नाही" म्हणाला तरी घेऊ नका. आधी पानाचा फोटो ग्रुपवर टाका.

धुण्यासाठी: आधी साध्या स्वच्छ पाण्यानं माती काढा. मग 100 लिटर पाण्यात ताजी ब्लीचिंग पावडर (30 टक्के क्लोरीनची) 16-17 ग्रॅम, निवळी गाळून. पाणी गढूळ झालं की बदला, मातीत क्लोरीन संपतं. शेवटी पिण्याच्या पाण्यानं धुवून निथळा. पानाच्या आत शिरलेला जिवाणू मात्र यानं निघत नाही, म्हणून पाणी आणि खत आधी.

विहिरीचं पाणी तपासायचं असेल तर निर्जंतुक बाटली ऑफिसातून न्या. घरची बाटली चालणार नाही. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

— कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी