काचेच्या पाठीवरील चित्र

कागद, कापड, लाकूड किंवा भिंतीचा गिलावा यांवर रंगविताना चित्रकाराला एक साहाय्य न मागता मिळत असते. हे पृष्ठभाग कमीअधिक सच्छिद्र असल्यामुळे ओला रंग त्यांच्यात शिरतो व तेथेच वाळून घट्ट होतो. काच मात्र काहीच शोषून घेत नाही. तिला हाताचा किंचित तेलकटपणा लागला असला, तरी पाण्यात कालविलेला रंग पसरण्याऐवजी थेंबाथेंबांनी गोळा होतो.

अलीकडे हौशी कलावंतांना प्रिय झालेल्या अल्कोहोलच्या शाया ही अडचण सहज दूर करतात. पाण्याचा पृष्ठताण दर मीटरला सुमारे ७३ मिलिन्यूटन असतो, तर अल्कोहोलचा सुमारे २२. म्हणून अशी शाई काच, चिनी मातीची फरशी किंवा धातूचा पत्रा यांवर क्षणार्धात पसरते आणि अल्कोहोल उडून गेल्यावर रंग व राळ मागे राहतात. परंतु वाळलेल्या भागाला पुन्हा अल्कोहोल लागले, की तो पुन्हा विरघळतो. अशा चित्रांत रंगांचे मोहक ओघळ दिसतात. रेषा क्वचितच दिसते. शिवाय यांतील बरेचसे रंग उजेडात फिके पडतात. भारतातील जुन्या काचचित्रकारांना मात्र रेषाच हवी होती. त्यांनी रंगात डिंक किंवा तेल यांसारखे बंधक मिसळले, आणि चित्र काचेच्या पुढे न काढता तिच्या पाठीवर काढले.

या एका बदलाने चित्रणाचा सारा क्रमच उलटा होतो. फलकावर रंगविताना पार्श्वभूमी आधी आणि दागिन्यांचे मोती शेवटी येतात. काचेच्या पाठीवर मोती आधी येतात. प्रथम बाह्यरेषा, डोळ्यांतील बुबुळे, अलंकार व वस्त्रांची नक्षी. ती वाळल्यावर त्यांवर अंगाचा व वस्त्रांचा सपाट रंग. आणि सर्वांत शेवटी पार्श्वभूमी. बुबुळ काढावयाचे राहिले आणि डोळ्याचा पांढरा रंग भरला गेला, तर ते नंतर वरून काढता येत नाही. वाळलेला थर खरवडून पुन्हा आरंभ करावा लागतो.

डावेउजवेही बदलते. काचेखाली रेखाटन जसेच्या तसे ठेवून ते गिरविले आणि काच उलटून पाहिली, तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झालेला असतो! भक्ताच्या दृष्टीने हा फरक लहान नव्हे. म्हणून रेखाटनाचा पातळ कागद आधीच पालथा घालावा लागे, आणि देवतेचे नाव लिहावयाचे असल्यास अक्षरेही उलटी काढावी लागत.

अठराव्या शतकात चीनमधील कँटन येथे युरोपीय व्यापाऱ्यांसाठी अशी चित्रे मोठ्या संख्येने तयार होत. त्या सागरी व्यापारातून ही कला भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली, असे सामान्यतः मानले जाते. पुढे तिचे सर्वांत परिचित रूप तंजावरला घडले. तेथे १८५५ पर्यंत भोसले घराण्याची गादी होती, आणि लाकडी फलकावर चुनखडीचा उठाव देऊन त्यावर सोन्याचा वर्ख बसविण्याची चित्रपद्धती तेथे रुजलेली होती. लोणी खाणारा बाळकृष्ण, रामाचा पट्टाभिषेक हे विषय फलकावरून काचेवर आले. परंतु काचेचा दर्शनी भाग सपाट, तेव्हा उठाव शक्य नव्हता. चित्रकारांनी दागिन्यांच्या जागा मोकळ्या सोडून मागे चकचकीत धातूचा कागद लावला. सोन्याच्या वर्खापेक्षा हा उपाय पुष्कळ स्वस्त होता, आणि समईच्या उजेडात तो कमी शोभत असेल असे वाटत नाही.

काचचित्राचे तेज रंग व काच एकमेकांना पूर्ण चिकटलेली असण्यावर अवलंबून असते. दमट हवेत डिंक फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. काच तशीच राहते. कालांतराने रंग काचेपासून सुटतो, मधल्या फटीत हवा शिरते आणि तेवढा भाग पांढुरका व निस्तेज दिसू लागतो. अनेक घरांत याला धूळ समजतात आणि चौकट उघडून मागील बाजू ओल्या फडक्याने पुसतात. डिंकाचा रंग पाण्यात लगेच विरघळतो. प्रथम पार्श्वभूमी जाते, मग वस्त्रे व अंगकांती, आणि शेवटी चित्रकाराने सर्वांआधी काढलेली रेषा. पिढ्यान्‌पिढ्या देवघरात पुजलेले चित्र असे काही मिनिटांत नाहीसे होते.

याकरिता अशा चित्राची पाठ कधीही पुसू नये. पुढील काच मऊ, कोरड्या फडक्याने हळुवार पुसावी. पाणी शिंपडू नये, कारण ते कडेने आत उतरते. ओलसर भिंत व थेट ऊन दोन्ही टाळावीत. रंग सुटू लागला असल्यास चित्र काचेची बाजू खाली करून आडवे ठेवावे, म्हणजे सुटलेले पापुद्रे काचेवरच राहतील, आणि जतनतज्ज्ञाला दाखवावे. काच तडकली असेल तर ती बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. काच काढली की चित्रही गेले.

फुटण्याची ही भीती पुढील कलावंतांनी निराळ्या साहित्याने कमी केली. के. जी. सुब्रमण्यन (१९२४–२०१६) यांनी ॲक्रिलिकच्या तावांच्या पाठीवर चित्रे रंगविली. नलिनी मलानी यांनी २००१ मध्ये मायलरच्या पारदर्शक नळकांड्यांवर उलट बाजूने चित्रे काढून ती प्रकाशात फिरती ठेवली. साहित्य बदलले, बुबुळ मात्र अजूनही आधीच काढावे लागते.