प्रकाश सापळा आणि घरजोडणी : अर्थिंगची तार किती जाडीची असावी?

वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतर हुमणीचे भुंगेरे संधिकाळी जमिनीतून बाहेर पडतात आणि कडुनिंब, बाभळीवर जमतात. प्रकाश सापळा लावण्याची वेळ हीच. त्या वेळी जमीन ओली, स्टँड लोखंडी, दिव्याखाली पाण्याचे घमेले आणि भुंगेरे वेचणाऱ्याचे हातही ओले असतात. सापळ्याच्या शिफारशीत अर्थिंगचा उल्लेख म्हणूनच अनिवार्य ठरतो.

तारेची जाडी जमिनीवरून नव्हे, तर फेजच्या तारेवरून ठरते. बेंगळुरूच्या जे. पी. नगरातील घर असो वा मराठवाड्याच्या काळ्या रानातील शेतघर, नियम एकच. फेजची तार १६ चौ. मि.मी.पर्यंत असल्यास अर्थिंगची तार तेवढीच. १६ ते ३५ दरम्यान असल्यास १६. त्यापुढे फेजच्या निम्मी. म्हणजे घराच्या मुख्य जोडणीस तांब्याची १० ची तार असेल तर अर्थिंगलाही १०, आणि २५ ची असेल तर १६. सापळ्यास १.५ ची तीन-कोअर केबल वापरल्यास हिरवी तार आपोआप योग्य जाडीची मिळते.

हा नियम दोन्ही तारा एकाच धातूच्या असतील तरच लागू पडतो. खेड्यापाड्यांत सर्रास दिसणारी ८ गेजची जी.आय. तार सुमारे १३ चौ. मि.मी.ची असते खरी. परंतु पोलादाची वाहकता तांब्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास असल्याने ती दीड चौ. मि.मी. तांब्याइतकेच काम करते. गंजलेल्या सांध्यापाशी तेवढेही नाही.

मातीचा संबंध येतो तो खड्ड्याशी. काळी जमीन ओली असताना वीज चांगली वाहून नेते, पण उन्हाळ्यात भेगाळली की नळीभोवतीचा संपर्क तुटतो. खड्ड्याचा रोध ५ ओहम धरला तरी २३० व्होल्टला दोषप्रवाह ४६ अँपिअरच्या वर जात नाही. १६ अँपिअरच्या ‘सी’ प्रकारच्या एमसीबीला तत्काळ तुटण्यास किमान ८० अँपिअर लागतात. अशा ठिकाणी तार कितीही जाड घेतली तरी एमसीबी वेळेवर पडणार नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावीच लागते.

काही शिवारांत पंपाच्या पेटीतून एकच फेज घेऊन दुसरे टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला जोडतात व त्यावर सापळ्याचा दिवा चालवतात. दिवा लागतो, मात्र ती सळई आणि भोवतालची ओली माती विद्युतभारित होते. विस्तार कार्यकर्त्यांनी अशी जोडणी दिसताक्षणी बंद करवावी आणि सापळा टांगण्यापूर्वी आरसीसीबीचे चाचणी-बटण शेतकऱ्याकडूनच दाबवून घ्यावे.