प्रवाळ-मत्स्यालयातील शेवाळ व त्याचा बंदोबस्त

नवरत्नांत गणना होणारे पोवळे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. तथापि अंगठीतील तो तांबडा खडा म्हणजे एका सागरी प्राण्याचा सांगाडा होय, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. या प्राण्याच्या भाऊबंदांपैकी काही जाती उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात चुनखडीचे थरावर थर रचीत राहतात आणि त्यांतून प्रवाळभित्ती उभ्या राहतात. अशा भित्तीचा लहानसा तुकडा काचेच्या टाकीत, कृत्रिम दिव्याखाली, वर्षानुवर्षे जिवंत ठेवण्याची विद्या मनुष्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तगत केली. या विद्येत अडचणी अनेक आहेत. परंतु नवशिक्याला आणि जाणत्याला सारखाच जेरीस आणणारा प्रतिपक्षी एकच, तो म्हणजे शेवाळ. त्याचा बंदोबस्त कसा करतात, हे या लेखात आम्ही सांगणार आहोत. विषय टाकीचा असला, तरी त्यातून समुद्राविषयीही काही शिकण्यासारखे आहे.

प्रथम एक कोडे पाहू. चार्ल्स डार्विनने प्रवाळभित्तींवरील आपला ग्रंथ १८४२ साली प्रसिद्ध केला. ज्या निळ्याशार पाण्यात या भित्ती वाढतात, ते पाणी पोषकद्रव्यांच्या दृष्टीने जवळजवळ दरिद्री असते. त्यात नायट्रेटचे प्रमाण बहुधा लिटरमागे पाव मिलिग्रॅमहूनही कमी, आणि फॉस्फेट तर त्याहूनही अल्प. अशा नापीक पाण्यात इतकी समृद्ध जीवसृष्टी कशी नांदते? या प्रश्नास पुढे ‘डार्विनचे कोडे’ असेच नाव पडले. त्याच्या उत्तराचा मोठा भाग प्रवाळाच्या देहातच आहे. प्रवाळाच्या पेशींत अतिसूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा यजमानास देतात, आणि यजमान आपल्या देहातील टाकाऊ नत्र व स्फुरद त्यांच्या स्वाधीन करतो. घरातले घरातच पुनःपुन्हा वापरले जाते, बाहेर जवळजवळ काही सांडत नाही.

यातील विलक्षण गोष्ट अशी की, प्रवाळ जगतो तो अंगातील शैवालाच्या बळावर आणि मरतो तोही पुष्कळदा अंगावर चढलेल्या शेवाळाच्या भाराखाली. बाहेरचे शेवाळ प्रकाश अडविते, पाण्याचा प्रवाह रोखते आणि प्रवाळाच्या पिल्लांना चिकटण्यास जागा ठेवीत नाही. म्हणूनच शेवाळ मारणारे औषध टाकीत ओतून हा प्रश्न सहसा सुटत नाही. मोरचुदासारखी तांबेयुक्त औषधे प्रवाळ, गोगलगाई व खेकडे यांना घातक ठरतात. शिवाय औषधाने मेलेले शेवाळ टाकीतच कुजले, तर पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो आणि त्या शेवाळाने शोषलेली सर्व पोषकद्रव्ये पुन्हा पाण्यात येतात. आठ-पंधरा दिवसांत नवे शेवाळ त्यावर पोसते.

आता शत्रूची ओळख करून घेऊ. कारण शेवाळ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक वस्तू एकाच जातीची नसते. नव्या टाकीच्या वाळूवर तपकिरी धुळीसारखा थर दिसतो, तो बहुधा डायाटमांचा असतो. यांचे कवच सिलिकेचे असल्याने पाण्यातील सिलिकेट संपत आले की ते आपोआप ओसरतात. तांबूस-जांभळी बुळबुळीत साय वाळूवर पसरली, तर ते नील-हरित शैवाल. नावात शैवाल असले तरी ते जीवाणूंच्या वर्गातील असून त्यांच्यातील काही जाती हवेतील नत्रही पकडू शकतात. खडकावर हिरव्या केसांसारखे झुपके उगवतात, ते डर्बेसिया किंवा ब्रायॉप्सिस यांसारखे खरे शेवाळ. हिरव्या मण्यांसारखे चकचकीत फुगे दिसले, तर ते व्हॅलोनिया. आणि शेंबडासारखे तपकिरी धागे, ज्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, ते बहुधा डायनोफ्लॅजेलेटांचे. या शेवटच्या मंडळींविषयी पुढे सांगू. त्यांचा स्वभाव इतरांच्या उलट आहे.

टाकीत शेवाळ येते म्हणजे त्याचे अन्न कोठून तरी येतच असते. ते मुख्यतः माशांच्या खाद्यातून येते. याचा हिशेब शाळेतील रसायनशास्त्राच्या आधारे सहज मांडता येतो. समजा, टाकी २०० लिटरची आहे आणि तीत रोज १ ग्रॅम कोरडे खाद्य घालतात. या खाद्यात निम्मी प्रथिने, म्हणजे ५०० मिलिग्रॅम, आहेत. प्रथिनात सुमारे १६ टक्के नत्र असतो. तेव्हा ८० मिलिग्रॅम नत्र टाकीत गेला. हा नत्र अमोनियातून अखेर नायट्रेट झाला, तर नत्राच्या १४ भागांपासून नायट्रेटचे ६२ भाग होतात. म्हणजे सुमारे ३५० मिलिग्रॅम नायट्रेट. आठवड्यात हे २,४५० मिलिग्रॅम होते, म्हणजेच प्रत्येक लिटरमागे सुमारे १२ मिलिग्रॅमची भर. थोडा नत्र माशांच्या अंगी लागतो, हे खरे. परंतु समुद्रातील पाव मिलिग्रॅमशी ही आवक ताडून पाहावी, म्हणजे चिमूटभर खाद्याचे सामर्थ्य कळेल.

आता कोणी म्हणेल, दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी बदलावे म्हणजे झाले. पाणी अवश्य बदलावे. परंतु केवळ तेवढ्याने काय साधते, तेही पाहू. दहावा हिस्सा पाणी काढल्याने टाकीतील नायट्रेटचाही दहावा हिस्साच बाहेर जातो. दर आठवड्यास १२ मिलिग्रॅमची भर पडत असेल, तर तेवढीच वजाबाकी होण्यासाठी टाकीतील प्रमाण आधी १२० पर्यंत चढले पाहिजे. अर्थात् प्रवाळाचे पाणी निर्मळ ठेवावयाचे, तर जावकीच्या आणखी वाटा काढल्याच पाहिजेत.

येथे एक फसवी गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. पुष्कळदा टाकी हिरव्या केसांनी भरलेली असते आणि परीक्षानळीत नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही शून्य दिसतात. मालक बुचकळ्यात पडतो व पाणी निर्दोष असल्याची ग्वाही देतो. वस्तुतः नळी दाखविते ती शिल्लक. आवक-जावक ती दाखवीत नाही. ज्या गृहस्थाच्या घरी महिन्याच्या अखेरीस पैसा उरत नाही, त्याच्या घरी पैसा आलाच नव्हता, असे आपण म्हणत नाही. तो खर्च झाला, असे म्हणतो. त्याचप्रमाणे आलेली पोषकद्रव्ये शेवाळाने तत्काळ गिळंकृत केली, म्हणून पाण्यात काही उरले नाही. शिवाय टाकीतील चुनखडीचे खडक फॉस्फेट आपल्या अंगावर धरून ठेवतात आणि पाण्यातील प्रमाण घटू लागले की ते हळूहळू सोडतात. जुने खडक वापरलेल्या टाकीत महिनोन्‌महिने शेवाळ हटत नाही, त्याचे हे एक कारण. म्हणून शेवाळ स्वतःच एक मोजमाप आहे, असे समजून त्याच्याकडे पाहावे.

जावकीच्या वाटा आता क्रमाने सांगतो. पहिली वाट जिवंत खडकांची. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील, सूक्ष्म जीवांनी भरलेले खडक टाकीत ठेवावयाचे आणि पाणी हवेच्या बुडबुड्यांनी खेळते ठेवावयाचे, एवढेच तिचे स्वरूप. खडकाच्या पृष्ठभागी जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात. आत, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे दुसरे जीवाणू नायट्रेटमधील प्राणवायू काढून घेतात व नत्रवायू मोकळा होऊन हवेत जातो. फॉस्फेटला मात्र असा हवेचा मार्ग उपलब्ध नाही. ते हाताने अथवा यंत्रानेच बाहेर काढावे लागते.

दुसरी वाट स्किमर या यंत्राची. उंच नळीत बारीक बुडबुडे सोडले की पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये त्यांच्या पृष्ठभागास चिकटून फेसाबरोबर वर येतात. वरच्या पेल्यात साचणारे काळपट, दुर्गंधी पाणी पाहिले म्हणजे एरवी हेच टाकीत कुजले असते, याची खात्री पटते. तिसरी वाट लोहाच्या गंजासारख्या संयुगाच्या दाण्यांची. हे दाणे फॉस्फेट धरून ठेवतात व भरले की टाकून देता येतात.

चौथी वाट मात्र सर्वांत मनोरंजक आहे, कारण तीत काट्याने काटा काढतात. अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर ॲडी यांनी मुख्य टाकीबाहेर एका जाळीवर, प्रखर प्रकाशात, मुद्दाम शेवाळ वाढविले. त्यांची प्रवाळभित्तीची जिवंत प्रतिकृती १९८० साली वॉशिंग्टनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात लोकांसमोर मांडण्यात आली. जाळीवरील शेवाळ पाण्यातील पोषकद्रव्ये शोषते. ठरावीक दिवसांनी ते खरवडून फेकले की तेवढी पोषकद्रव्ये कायमची बाहेर पडतात. आज पुष्कळ लोक खालच्या वेगळ्या टाकीत केटोमॉर्फा नावाचे तारेच्या गुंत्यासारखे शेवाळ वाढवितात व रात्री तेथे दिवा लावतात. शेवाळ वाढणारच, तर ते कोठे वाढावे एवढे आपण ठरवावयाचे. अमुक जागी वाढू दिले आणि कापून काढले की पीक. नको तेथे वाढू दिले की तण.

परंतु अन्न तोडले तरी जुने शेवाळ लगेच जात नाही. ते हाताने उपटावे, ब्रशाने घासावे व सुटलेले तुकडे नळीने ओढून काढावे. पुढचे काम चरणाऱ्या प्राण्यांचे: शंखातील गोगलगाई, काटेरी समुद्री अर्चिन, सर्जन मासे. यांचे महत्त्व किती, हे कॅरिबियन समुद्राने दाखवून दिले आहे. तेथील लांब काट्यांचा काळा अर्चिन खडकांवरील शेवाळ सतत खरवडीत असे. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ त्यात साथ शिरली व सुमारे वर्षभरात त्या समुद्रातील शेकडा ९० हून अधिक अर्चिन मेले. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते आणि १९८० च्या ‘ॲलन’ चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. अर्चिन जाताच शेवाळास रान मोकळे मिळाले. १९७० ते १९८० या दशकाच्या अखेरीस तेथील भित्तींचा निम्म्याहून अधिक भाग जिवंत प्रवाळाने आच्छादलेला होता. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तो ५ टक्क्यांच्या आत आला. ज्या टाकीत एकही चरणारा प्राणी नाही, ती टाकी म्हणजे लहानसे जमैकाच होय.

आता डायनोफ्लॅजेलेटांची गोष्ट. शेवाळाला त्रासलेला मालक कधी कधी खाद्य जवळजवळ बंद करतो, यंत्रे अहोरात्र चालवितो आणि नायट्रेट व फॉस्फेट खरोखरीच शून्यावर आणतो. तेव्हा प्रवाळ उपाशी राहून फिकट पडतात, उपयुक्त जीवाणू व निरुपद्रवी शेवाळे मागे हटतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट कब्जा करतात. त्यांच्यातील काही जाती विषारी असून त्या खाऊन गोगलगाई मरतात. अशा टाकीत पोषकद्रव्ये थोडी वाढवावी लागतात, हे ऐकून नवशिक्यास नवल वाटते. म्हणूनच जाणते लोक नायट्रेट लिटरमागे काही मिलिग्रॅम व फॉस्फेट शतांश मिलिग्रॅमांच्या घरात स्थिर ठेवतात. अल्प असावे, पण असावे. आणि रोजच्या रोज वरखाली होऊ नये. प्रत्येक बदल एकेकटा व सावकाश करावा आणि दोन-तीन आठवडे परिणाम पाहावा.

विद्यार्थिमित्रहो, यानंतरची गोष्ट केवळ टाकीची नाही. १९८४ साली मोनॅको येथील सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात कॉलेर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयातील शोभेच्या शेवाळाचा सुमारे एक चौरस मीटरचा तुकडा आढळला. २००० सालाच्या अखेरीपर्यंत ते भूमध्य समुद्रात सहा देशांच्या किनाऱ्यांवर पोचले होते. त्याच वर्षी ते कॅलिफोर्नियाच्या खाडीत दिसले. तेथे ताडपत्र्यांखाली क्लोरीन सोडून ते २००६ पर्यंत निपटून काढावे लागले आणि त्यासाठी सुमारे ७० लाख डॉलर खर्ची पडले. तेव्हा मत्स्यालयातील पाणी, शेवाळ वा प्राणी नदीत, ओहोळात किंवा समुद्रात कधीही सोडू नये. काढलेले शेवाळ उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकावे.

तसेच आपल्या देशात भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ किंवा गोव्यातील ग्रांदे बेटाभोवती जे थोडे प्रवाळ आहेत, त्यांतील तुकडाही घरी आणणे हा गुन्हा होय. मग हे सारे शिकावे कशासाठी? त्यासाठी एक सोपा प्रयोग सुचवितो. तीन काचेच्या बरण्यांत तळ्याचे पाणी सारखे भरावे. पहिलीत काही घालू नये. दुसरीत व तिसरीत माशांचे खाद्य चिमूटभर घालावे. पहिल्या दोन खिडकीत ठेवाव्या, तिसरी काळ्या कागदात गुंडाळावी. दुसरीचे पाणी आधी गढूळ होऊन वास मारील, मग हिरवे होऊ लागेल. तीन आठवडे रोजची नोंद वहीत करावी. शेवटी तिन्ही बरण्या शेजारी ठेवून पाहाव्या आणि मग आपल्या गावचा ओहोळ, त्यात सोडलेले सांडपाणी आणि तो जेथे समुद्राला मिळतो ती जागा पाहून यावी. कोणत्या बरणीचे पाणी त्या जागी वाहते आहे, हे ज्याला ओळखता येईल, त्याला हा पाठ समजला, असे आम्ही म्हणू.