आधी नेमणूकपत्र, मग बातमी

पत्रकारितेची पदवी घेतली आणि अकोल्यातल्या एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी झालो. नेमणूकपत्र मिळालं नाही. ओळखपत्र मात्र लगेच मिळालं. मानधन पेट्रोलपाण्यापुरतं. कार्यालयातून बातमीची विचारणा क्वचितच व्हायची, फोन यायचा तो पुरवणीच्या जाहिरातींसाठी. 15 ऑगस्ट, दिवाळी, 26 जानेवारी आणि मधेमधे पुढाऱ्यांचे वाढदिवस.

अशाच एका वाढदिवसाला कार्यकर्त्याने पाव पानाची जाहिरात तोंडीच सांगितली. ‘छापा ना भाऊ, पैसे कुठी जातात?’ जाहिरात रंगीत छापून आली, शुभेच्छुकांची नावं झाडून सगळी. पैसे तेवढे आले नाहीत. जाहिरात विभागाने ती थकबाकी माझ्या नावावर टाकली आणि आधी कमिशनमधून, मग मानधनातून वळती केली. पुढे त्याच पुढाऱ्याच्या गावातल्या रखडलेल्या घरकुलांची बातमी पाठवली, ती लागलीच नाही. ज्याच्याकडे उधारी अडकली, त्याच्याविरुद्ध कोण छापतो?

आता अमरावतीत पत्रकारिता शिकायची सोय चांगली आहे. संत गाडगेबाबा विद्यापीठ आहेच. शिवाय 1965 साली दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र 2011 पासून इथे आहे आणि तिथे मराठी पत्रकारिताही शिकता येते. खेड्यातल्या पोराला त्यासाठी पुणे-मुंबई गाठावी लागत नाही, हे काही थोडं नाही. पण कुठेही प्रवेश घ्या, स्टुडिओ आणि कॅमेरे पाहून हुरळू नका. मागच्या बॅचची मुलं आज कुठे आहेत, नेमणूकपत्रावर किती आणि मानधनावर किती, हे विचारा. उत्तर देताना समोरचा चाचरला, तर काय ते समजा.

शिकता शिकता एक विषय पक्का धरा. वऱ्हाडात तो शोधायला लांब जावं लागत नाही. अकोटच्या कापूस बाजारात हंगामात एक दिवस उभे राहा. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. गाडी परत फिरली की तोच कापूस खाजगी व्यापाऱ्याच्या दारात जातो. ही साखळी ज्याला कळली, त्याला ‘शेतकरी हवालदिल’ असा मथळा द्यावाच लागत नाही. अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना प्रश्न विचारायची सवय लावा. हे ज्ञान आकाशवाणीत, शेतीविषयक नियतकालिकात, एखाद्या संस्थेच्या प्रसिद्धी विभागात, सगळीकडे चालतं. नुसतं ‘मला लिहायला आवडतं’ कुठेच चालत नाही. (अँकर व्हायचंय म्हणणाऱ्यांनी आधी युनिकोडमध्ये मराठी टंकलेखन शिकावं, ही आगाऊ सूचना.)

सरकारी नोकरी हवी असेल, तर जिल्हा माहिती अधिकाऱ्याची भरती लोकसेवा आयोगामार्फत होते आणि तिथे पदवीसोबत अनुभवही मोजला जातो. अनुभव कागदावर लागतो. दर महिन्याला हातात पडलेलं पाकीट कोणी अनुभव म्हणून धरत नाही. म्हणून रुजू होताना पद, पगार आणि तारीख लिहून घ्या. मानधन असेल तर ते बँकेतच मागा. आणि जाहिरात आणावीच लागली, तर आरओवर (रिलीज ऑर्डरवर) जाहिरात देणाऱ्याची सही घेतल्याशिवाय मजकूर कार्यालयात पाठवू नका, मग तो पुढारी तुमचा सख्खा मामा का असेना.