उमेदवारी : जुनी आणि नवी

उमेद म्हणजे आशा, आणि ती धरून राहणारा तो उमेदवार. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांच्या ओसरीवर कित्येक तरुण बिनपगारी नकला उतरून काढीत. एखादा कारकून पेन्शनीत निघाला म्हणजे ती जागा आपणांस मिळेल, एवढीच त्यांची उमेद. त्याच काळी सुताराचा मुलगा बापाशेजारी बसून रंधा धरावयास शिकत होता. त्याला कोणी उमेदवार म्हणत नसे; परंतु चार-पाच वर्षांनी त्याच्या हातात धंदा असे. सरकारी शिकाऊ उमेदवारीने बेकारी हटते काय, असा प्रश्न पालक आम्हांस वारंवार विचारतात. ह्या दोहोंपैकी कोणती उमेदवारी मुलाच्या वाट्यास येते, ह्यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेले आपले रोहिणखेड इतिहासात १५९० च्या निजामशाहीतील लढाईमुळे ठाऊक आहे. आजची विवंचना निराळी आहे. कपाशी, सोयाबीन व तूर ही पिके बहुतांशी पावसाच्या भरवशावर. शेताच्या वाटण्या होऊन तुकडे झालेले. आणि दहावी-बारावी झालेला मुलगा त्या तुकड्यावर राबण्यास नाखूष व दुसरे काही येत नाही म्हणून घरीच. अशा घरी महिन्याकाठी सहा-सात हजार रुपये येऊ लागले, तर त्यांचे मोल शहरातील माणसास कळावयाचे नाही.

स्वतंत्र भारताने ह्या बाबतीत केलेला मुख्य कायदा म्हणजे १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. तो १ मार्च १९६२ पासून अमलात आला. कारखान्यांतील यंत्रे व कसबी कारागीर ह्यांचा उपयोग नव्या पिढीस शिकविण्याकडे व्हावा, हा त्याचा हेतू. १९७३ मध्ये त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांसही दार उघडले. तीस अथवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेने उमेदवार घेतलेच पाहिजेत, असा २०१९ चा नियम आहे. त्याच वर्षी किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले. आमच्या मुलांस जवळचे ठिकाण म्हणजे भुसावळ. तेथील विद्युत इंजिनांच्या शेडमध्ये व कारखान्यात मध्य रेल्वे जोडारी, वीजतंत्री, संधाता इत्यादी कामांचे उमेदवार घेते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जे फळ्यावर पाहिले, ते तेथे खऱ्या इंजिनावर करावे लागते, आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते.

पण नोकरी? ह्याच कायद्याचे २२ वे कलम पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. उमेदवारी संपल्यावर त्यास नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. प्रत्येक मालकाने ह्याविषयी आपले धोरण ठरवावे, एवढेच २०१४ च्या दुरुस्तीने सांगितले. उत्तर प्रदेशाच्या परिवहन महामंडळाच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बाकीच्या गोष्टी समान असतील तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा शिकलेल्या उमेदवारास पसंती द्यावी. पसंती म्हणजे हक्क नव्हे. रेल्वेने खालच्या श्रेणीतील थेट भरतीच्या २० टक्के जागा अशा उमेदवारांकरिता राखल्या. तरीही २० मार्च २०१८ रोजी शेकडो प्रशिक्षित तरुण मुंबईस माटुंगा व दादर ह्यांच्या दरम्यान रुळांवर बसले आणि ऐन सकाळी लोकल गाड्या बंद पडल्या. कसब हाती असलेल्या मुलांवर ही पाळी यावी, हे आम्हांस फार लागले. प्रशिक्षणाने माणूस तयार होतो. जागा त्याने निर्माण होत नाहीत.

महाराष्ट्र सरकारने जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. तीत बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आयटीआय अथवा पदविका झालेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये ठरले. मुदत सहा महिन्यांची होती; २०२५ मध्ये ती अकरा महिन्यांपर्यंत वाढविली. पुष्कळ मुले सरकारी कार्यालयांत व शाळांत नेमली गेली. पैशाने कित्येक घरांस आधार झाला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु मुदत सरताच आम्हांस कायम करा, अशी मागणी घेऊन ही मुले आंदोलनास उतरली. त्यात आम्हांस नवल वाटत नाही. कार्यालयात कागद लावून ठेवणारा मुलगा काम शिकला तरी त्या कामाला कार्यालयाबाहेर गिऱ्हाईक नसते. जुनी ओसरीवरची उमेदवारीच ही, फक्त आता तीस विद्यावेतन आहे.

स्वावलंबनाची कसोटी आमच्या मते गावातच लागते. रब्बीत विहिरीवरची मोटार जळाली की शेतकऱ्यास ती काढून न्यावी लागते, तांबड्या तारेची गुंडाळी नव्याने भरून घ्यावी लागते, आणि तेवढे दिवस हरभऱ्याचे पाणी चुकते. मळणीयंत्राचा पट्टा, ट्रॅक्टरच्या नांगराचा मोडलेला फाळ, घरातली वीजजोडणी, मोटारसायकल — ही कामे गावात रोजची आहेत. ज्याने वर्षभर कारखान्यात वीजतंत्र्याचे वा संधात्याचे काम केले, त्यास भुसावळने पुढे ठेवून घेतले नाही तरी रोहिणखेडास तो नको आहे असे होत नाही. दुकान टाकण्यास भांडवल लागते व पहिली दोन वर्षे उधारीत जातात, ही अडचण खरी आहे. म्हणून विद्यावेतनातील थोडी रक्कम हत्यारांसाठी बाजूस पडली, तर फार बरे.

अठरा वर्षांखालील मुलाचा उमेदवारीचा करार पालक करून देतो. मुलगा कोणते काम शिकणार, ते शिकविणारा कोण, मुदत किती, व अखेरीस परीक्षा आहे की नाही, हे सहीपूर्वी विचारावे. उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीवाचून जादा तास काम घेण्यास कायद्याची मनाई आहे, आणि कामावर दुखापत झाल्यास भरपाई मालकाकडे लागते. कराराची नोंदणी झाली की नाही, तेही पाहून घ्यावे व एक प्रत घरी ठेवावी.