गॅसवरचा जुना टेम्पो ‘लीन’ चालत असेल तर

आगाशी-नंदाखालचा भाजीपाला, अर्नाळ्याची मासळी, वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतला माल. वसई-विरारमध्ये हे सगळे वाहणाऱ्या छोट्या टेम्पोंत सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. सुपर कॅरी, ईको कार्गो, किंवा बाहेरून किट बसवलेली जुनी ओम्नी. गाडीला वय झाले की आयडलिंगला इंजिन थरथरते, रेस दिल्यावर क्षणभर अडखळते, भरलेली गाडी चढावर पिकअप घेत नाही. स्कॅनर लावला की पी०१७१ हा कोड येतो आणि मेकॅनिक ‘लीन चालते’ म्हणतो. म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, किंवा तसे सेन्सरला वाटते आहे. कोणता भाग बिघडला हे कोड सांगत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी सर्वांत आधी ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. खर्चाच्या आधी पुढील क्रमाने तपासणी करावी. (डिझेल पिकअपला हा लेख लागू नाही. डिझेल इंजिन मुळातच जास्त हवेवर चालते.)

१. टाकीतले पेट्रोल किती जुने आहे? गॅसवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा शोषते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी तशीच ठेवली, तर पाणी वेगळे होऊन तळाशी बसू शकते. शंका असल्यास जुने पेट्रोल काढून ताजे भरावे. त्याशिवाय पुढची चाचणी विश्वासार्ह होणार नाही.

कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साध्या पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने १४.७ पट हवा लागते. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने २० टक्के इथेनॉलच्या ई-२० पेट्रोलला साधारण १३.५ पट पुरते. इंजेक्शनची गाडी हा फरक स्वतः सांभाळून घेते. कार्बोरेटर घेत नाही, त्यामुळे काहीही न बिघडता ती गाडी थोडी लीन होते.

२. एकच रस्ता, दोन इंधने. ही चाचणी फुकट आहे आणि माझ्या मते सर्वांत मोलाची. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, वजन भरलेली गाडी वसईच्या पूर्व-पश्चिम उड्डाणपुलासारख्या एखाद्या चढावर आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर न्यावी. गियर आणि वेग दोन्ही वेळा तोच ठेवावा. फक्त गॅसवर त्रास होत असेल तर दोष गॅस फिल्टर, रिड्युसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) किंवा गॅस इंजेक्टरमध्ये शोधावा. फक्त पेट्रोलवर होत असेल तर टाकीतला पंप आणि पेट्रोल इंजेक्टर पाहावेत. दोन्हींवर सारखाच असेल, तर दोन्ही इंधनांना सामाईक असलेली बाजू तपासावी: हवा, इग्निशन, सेन्सर, वायरिंग. निम्म्या शक्यता इथेच गळतात.

इंधन बदलल्यावर लगेच निष्कर्ष काढू नये. बाहेरून बसवलेल्या किटचे ट्यूनिंग चुकलेले असेल, तर गॅसवर चालताना गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) चुकीची दुरुस्ती शिकून ठेवतो आणि पेट्रोलवर आल्यावरही काही वेळ तीच लावत राहतो. दहा-पंधरा मिनिटे गाडी चालू द्यावी.

३. ट्रिमचे आकडे. मिश्रण बरोबर ठेवण्यासाठी ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो वा घटवतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. ओबीडी-२ (स्कॅनर जोडण्याची सोय) असलेल्या गाडीत साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर तो दिसतो. उणे दहा ते अधिक दहा टक्के चालते. अधिक वीस-पंचवीसच्या आसपास ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. आयडलिंगला आणि २,५०० आरपीएमला, दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. आयडलिंगला जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल तर हवेची गळती संभवते. भार पडल्यावर वाढत असेल तर इंधन कमी पोहोचते आहे. ओबीडी नसलेल्या गाडीत प्लग काढून पाहावेत. एकच प्लग पांढरा पडला असेल तर दोष त्याच सिलिंडरपुरता आहे.

४. सेन्सर खरे सांगतो आहे ना? ऑक्सिजन सेन्सर इंधन मोजत नाही, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजतो. त्याच्या आधीच्या जोडात भेग असेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते आणि मिश्रण ठीक असूनही ‘लीन’ दिसते. खाऱ्या हवेत हे जोड लवकर गंजतात. थंड इंजिन सुरू करून ‘टिकटिक’ ऐकावी, गॅस्केटपाशी काजळी दिसते का पाहावे. प्लग किंवा कॉइल मिसिंग करत असेल तरी न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर पडून हाच भास होतो. सेन्सरच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज असेल तर आधी तो साफ करावा.

५. हवेची गळती. सीटखालच्या इंजिनाच्या उष्णतेने व्हॅक्यूम पाइप कडक होऊन चिरतात, शेताजवळ उभ्या गाडीत उंदीरही कुरतडतात. मॅनिफोल्ड गॅस्केट आणि ब्रेक बूस्टरचा पाइप विसरू नये. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास आहे, पण ती आगीला आमंत्रण देते. स्मोक टेस्ट करून घ्यावी. मारुतीच्या अनेक इंजिनांत हवेचा अंदाज मॅनिफोल्डमधील दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून घेतला जातो. अशा गाडीत गळती झाली तर ट्रिम फारशी न बिघडता आयडलिंगच चढते. म्हणून चढलेले आयडलिंग स्क्रूने खाली आणू नये.

६. गॅसची बाजू. प्रथम कूलंट पाहावे. २०० बारपर्यंतचा गॅस दाब उतरवताना थंड होतो, त्यामुळे रिड्युसरला कूलंटची ऊब दिलेली असते. कूलंट कमी असेल तर रिड्युसर गारठतो, त्यावर दवही धरते, आणि गॅस कमी पडू लागतो. मग गॅस फिल्टर, मग इंजेक्टर. गळतीची शंका आल्यास साबणाचे पाणी लावावे. जोड उघडण्याचे काम मात्र अधिकृत सीएनजी केंद्रातच द्यावे. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांची हायड्रोटेस्ट बाकी असेल तर तीही उरकावी.

७. पेट्रोलची बाजू. गेज लावून दाब पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो. दाब बरोबर असेल तर इंजेक्टर साफ करून घ्यावेत.

८. दुरुस्तीनंतर. कोड आणि शिकलेली ट्रिम पुसून दोन्ही इंधनांवर गाडी चालवावी आणि नवी ट्रिम तिसऱ्या टप्प्यात लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून पाहावी. बीएस-४ किंवा नंतरची गाडी असेल तर पीयूसीच्या वेळी चार वायूंच्या यंत्रावर ‘लॅम्डा’चा (हवा-इंधन प्रमाणाचा) आकडा मागावा. २,५०० आरपीएमच्या आसपास तो ०.९७ ते १.०३ मध्ये हवा. १.०३ च्या वर असेल तर चौथ्या टप्प्यापासून पुन्हा पाहावे.