कुरण करपते तेव्हा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, रॉकी पर्वताच्या पूर्वेस, डाकोटापासून टेक्सासपर्यंत विस्तीर्ण गवताळ मैदान पसरले आहे. येथे पाऊस बेताचाच पडतो. जेथे नांगर चालविणे परवडत नाही, तेथेही गवत मात्र उगवते, आणि त्या गवतावर हजारो कुटुंबांची खिल्लारे पोसली जातात. कोरड्या भागांत एका गाईला वर्षभर चरावयास दहा-वीस एकर कुरणही अपुरे पडते. गवत हेच येथील पशुपालकाचे पीक आणि गवत हेच त्याचे भांडवल होय.

पावसाने दडी मारली, की हे भांडवल उन्हात करपून जाते. मग पशुपालकापुढे दोनच वाटा उरतात : दुरून वैरण विकत आणावी, किंवा गाई बाजारात न्याव्या. परंतु वैरण घेणारे पुष्कळ झाले, म्हणजे तिचा भाव चढतो. आणि गाई विकणारे पुष्कळ झाले, म्हणजे त्यांचा भाव उतरतो. शिवाय मोडलेले खिल्लार पुन्हा उभे करणे सोपे नसते. कालवड जन्मल्यापासून तिला पहिले वासरू होईपर्यंत सुमारे दोन वर्षे जातात.

१९३४ सालच्या भयंकर अवर्षणात तेथील सरकारने स्वतःच गुरे विकत घेतली. एका गुरामागे साधारणपणे १४ ते २० डॉलर मिळत. अगदी खंगलेली गुरे मारून टाकावी लागली; उरलेल्यांचे मांस गरजू कुटुंबांना वाटण्यात आले. त्या पैशाने घरे तगली, पण कुरणे ओस पडली.

पुढे २००८ सालच्या कायद्याने निराळा मार्ग धरला. गुरे विकत घेण्याऐवजी, बुडालेल्या चाऱ्याचीच काही भरपाई द्यावी, असे ठरले. पण अवर्षण पडले, हे कोणी ठरवावे? त्यासाठी एक नकाशा उपयोगी पडला. १९९९ पासून नेब्रास्का विद्यापीठातील तज्ज्ञ व सरकारी शास्त्रज्ञ तो मिळून तयार करतात. पाऊस, जमिनीतील ओल, नद्यांचे पाणी इत्यादी पाहून प्रत्येक भागातील अवर्षणाची पायरी त्यात दाखविली जाते. तो दर गुरुवारी प्रसिद्ध होतो. चराईच्या हंगामात एखाद्या भागात तीव्र अवर्षण सलग आठ आठवडे टिकले, की तेथील पशुपालक साहाय्यास पात्र होई. २०२५ मध्ये ही मुदत चार आठवड्यांवर आणली गेली. अवर्षण जितके कडक, तितक्या अधिक महिन्यांचे साहाय्य मिळते.

ही भरपाई संपूर्ण नसते. गुरांच्या वैरणीचा मासिक खर्च आणि कुरणाची गुरे पोसण्याची शक्ती, यांपैकी जी रक्कम कमी भरेल, तिच्या शेकडा ६० इतकेच साहाय्य मिळते. त्यामुळे कुरणाला पेलणार नाहीत इतकी गुरे पाळून कोणालाही अधिक पैसा मिळविता येत नाही.

तथापि चांगली योजनाही वेळेवर हाताशी असावी लागते. २००८ च्या कायद्यातील ही तरतूद ३० सप्टेंबर २०११ रोजी संपली, आणि पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, देशाच्या फार मोठ्या भागावर अवर्षण कोसळले. कुरणे वाळली, कायदा मात्र नव्हता. कित्येकांनी वाढविलेल्या गाई बाजाराची वाट चालू लागल्या. अनेक वर्षांच्या अवर्षणाचा परिणाम असा झाला, की २०१४ च्या आरंभी देशातील गोधन १९५१ नंतर प्रथमच इतके घटलेले आढळले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवा कायदा झाला. त्याने ही तरतूद कायमची केली आणि मधल्या काळातील नुकसानीचीही भरपाई देऊ केली.

पैसा आला, पण तोवर विकलेल्या गाई परतल्या नाहीत. ज्याची गाय दावणीला उपाशी उभी आहे, त्याला वैरण आज हवी असते. म्हणून संकटाचे नियम सुकाळातच करून ठेवावे लागतात.